नील बेटाचा बेत परतीच्या बोटीपासून आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा रात्रींसाठी अंदमानला जायचे आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि बारा व सात वर्षांची दोन मुले आहेत. एजंटने दिलेल्या आराखड्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक बेट, बाराटांग बेट आणि परतीच्या आदल्या दिवशी नील बेटाची धावती भेट असे सगळे बसवले आहे. नीलवर मुक्काम करण्याजोगे काही आहे का, की तिथे दोन-तीन तास पुरतात, असे तुम्ही विचारले आहे. गेली अठरा वर्षे मी पुण्यातून कुटुंबांच्या अंदमान सहली आखतो आणि त्यांतल्या अनेकांसोबत स्वतःही जातो. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या कुटुंबाने नीलवर तीन रात्री राहावे, बाराटांग पूर्णपणे वगळावे, हॅवलॉकचा मोह शक्य असल्यास या खेपेला सोडावा आणि परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच ठेवाव्यात.

आधी नावांचा गोंधळ दूर करतो, कारण तिकिटांवर, फलकांवर आणि लोकांच्या बोलण्यात वेगवेगळी नावे भेटतात. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नील बेटाला ‘शहीद द्वीप’, हॅवलॉकला ‘स्वराज द्वीप’ आणि रॉस बेटाला नेताजींचे नाव देण्यात आले. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव सप्टेंबर २०२४ पासून ‘श्री विजयपुरम’ आहे. बोटीचे तिकीट काढताना शहीद द्वीप म्हणजेच नील हे लक्षात ठेवा. रिक्षावाल्यांच्या आणि दुकानदारांच्या तोंडी अजून नीलच आहे, म्हणून मीही पुढे तेच नाव वापरतो.

आता मुख्य मुद्दा. बेटावरच्या सहलीचा बेत पहिल्या दिवसापासून पुढे आखायचा नसतो. परतीच्या विमानापासून मागे मागे येत आखायचा असतो. नील पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे सुमारे ३६-३७ किलोमीटर आहे, तिथे विमानतळ नाही, आणि समुद्र खवळला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. मग हॉटेलचे बिल भरलेले असो की विमानाचे तिकीट हातात असो, काहीही उपयोग होत नाही. पुष्कळ लोक डिसेंबर म्हणजे कोरडा, शांत हंगाम असे गृहीत धरतात, कारण आपल्याकडे तसे असते. अंदमानला मात्र नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे तयार होतात. डिसेंबर २०१६ मध्ये, ‘वरदा’ चक्रीवादळ तयार होत असताना, हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकून पडले आणि नौदलाला व तटरक्षक दलाला जहाजे पाठवून त्यांना बाहेर काढावे लागले. असे दरवर्षी होत नाही, परंतु एक-दोन फेऱ्या रद्द होणे किंवा अर्धा दिवस उशीर होणे मी अनेकदा पाहिले आहे.

माझ्या कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी एका कुटुंबाची शेवटची रात्र नीलवर ठेवली होती, आणि सकाळची बोट धरून दुपारचे विमान गाठायचे असा हिशेब होता. त्या सकाळी वारा वाढला, बोट निघाली नाही, पाच माणसांची विमानाची तिकिटे वाया गेली आणि ऐन गर्दीच्या दिवसांत नवी तिकिटे दुपटीहून अधिक दराने काढावी लागली. चूक हवामानाची नव्हती, माझ्या आखणीची होती. तेव्हापासून मी बेटावरून परतणे आणि विमान यांच्यामध्ये किमान एक पूर्ण रात्र ठेवतो, आणि सोबत वयस्कर माणसे असतील तर दोन. तुमच्या एजंटने नीलची भेट नेमकी परतीच्या आदल्या दिवशी ठेवली आहे, म्हणून हा भाग इतक्या विस्ताराने लिहिला.

म्हणजे तुमच्या सहा रात्रींची वाटणी अशी होईल: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, नंतरच्या तीन नील, शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर. पुण्या-मुंबईहून निघताना बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकाता इथे विमान बदलावे लागते आणि त्यासाठी मध्यरात्री किंवा पहाटे घर सोडावे लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीही ‘पाहण्याचा’ बेत ठेवू नका. सेल्युलर जेल घाईने उरकण्याची जागा नाही. आपल्या मराठी कुटुंबांत, विशेषतः तुमच्या आई-वडिलांच्या पिढीत, सावरकर बंधूंच्या कोठड्यांसमोर उभे राहण्याची ओढ मोठी असते. विनायकराव १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तिथे होते आणि थोरले बाबारावही त्याच तुरुंगात होते. थकलेल्या पायांनी ते जिने चढण्यापेक्षा शेवटच्या दोन दिवसांत सकाळी निवांत जा आणि संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाला पुन्हा जा. बोट एक दिवस लांबली तरी हा दुसरा दिवस शिल्लक राहतो.

बाराटांग वगळा असे म्हणण्याची कारणे दोन आहेत. पहिले व्यवहाराचे: तिकडे जाणाऱ्या मोटारी ताफ्यानेच पुढे सोडल्या जात असल्यामुळे भल्या पहाटे निघावे लागते, कित्येक तास मोटारीत आणि नंतर होडीत बसावे लागते, आणि सत्तरीतल्या माणसांना त्याचा शीण होतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबणे, छायाचित्रे काढणे, खाऊ देणे हे सगळे कायद्याने मना आहे, आणि तरीही खिडकीतून ‘दिसतात का’ म्हणून डोकावणारे प्रवासी मी पाहिले आहेत. माणसे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून मी कोणालाही त्या वाटेने पाठवत नाही.

हॅवलॉकविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर राधानगरचा किनारा खरोखर सुंदर आहे, आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनही मिळाले. परंतु दोन बेटे म्हणजे बोटीचे तीन प्रवास, सामानाची तीनदा बांधाबांध, आणि दर वेळी तासभर आधी धक्क्यावर हजेरी. घरच्यांचा फारच आग्रह असेल तर पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील दोन आणि शेवटी पोर्ट ब्लेअर एक अशी वाटणी करता येईल, मात्र त्यात राखीव दिवस उरत नाही. हे पटत असेल तरच तो पर्याय घ्या.

नीलवर तीन रात्री कशासाठी, हे आता सांगतो. हे बेट लहान, बहुतांशी सपाट आणि शेतीचे आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६०च्या दशकात इथे वसवले गेले; त्यांनी जंगल साफ करून भात, भाजीपाला, केळी आणि सुपारी लावली, आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात आजही इथली भाजी जाते. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी रामायणातली आहेत, आणि बाजारपेठेच्या भागाला नील केंद्र म्हणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिक्षाने वीस मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणूनच दिवसभराच्या सहलीला येणारे लोक तीन ठिकाणे तीन तासांत उरकून ‘फार काही नाही’ असे म्हणत परततात. त्यांना फार काही दिसत नाही, कारण या बेटाचे रूप भरती-ओहोटीवर आणि उजेडावर अवलंबून असते आणि बोटीचे वेळापत्रक या दोन्हींशी जुळत नाही.

लक्ष्मणपूरचा खडकाचा नैसर्गिक पूल हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. लोक त्याला प्रेमाने ‘हावडा पूल’ही म्हणतात. तिथे पोहोचायला किनाऱ्यावरच्या मृत प्रवाळाच्या खडबडीत खडकावरून चालत जावे लागते, आणि ओहोटी असली तरच ही वाट मोकळी होते. भरतीच्या वेळी पोहोचलात तर पाणी आणि दुरून दिसणारी कमान एवढेच हाती लागते. चांगल्या ओहोटीला मात्र खडकांमधल्या डबक्यांत लहान रंगीत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या आणि क्वचित जिवंत प्रवाळाचे झुबके गुडघाभरही नसलेल्या पाण्यात दिसतात, आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला ती डबकी कोणत्याही जलक्रीडेपेक्षा अधिक आवडतील याची मला जवळजवळ खात्री आहे. कोकणात राहिलेल्यांना तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असतो. तो आपल्या किनाऱ्यासाठी आहे, अंदमानात तो तसाच वापरू नका. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, त्यांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा पाहा किंवा राहत्या ठिकाणच्या माणसांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणामुळे पाणी चांगले खाली उतरते, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ते फारसे हटत नाही, हे तत्त्व मात्र तिथेही तेच आहे. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीन दिवस हाताशी असले की एखादी तरी सोयीची ओहोटी उजेडात सापडतेच.

आई-वडिलांना त्या खडकांवर नेऊ नका. तोल जाण्याचा धोका खरा आहे आणि प्रवाळाच्या धारेने झालेली जखम लवकर भरत नाही. त्यांना वरच्या बाजूला झाडांच्या सावलीत शहाळे घेऊन बसू द्या, आणि बाकीच्यांनी घट्ट पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या सँडल घालून खाली उतरा. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये, त्याला हात लावू नये, ही गोष्ट मुलांना आधीच समजावून सांगा. २०१०च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जे उरले आणि जे पुन्हा वाढते आहे ते फार हळू वाढते. वाळूवर पडलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये प्रवाळांना संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे काढून घेतात, आणि प्रकरण दंडापर्यंतही जाऊ शकते.

उजेडाचे गणित त्याहून सोपे आहे, पण सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेले आहे आणि नील ९३ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे पुण्याच्या मानाने तिथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय पावणेसहाच्या आधीच होतो आणि सूर्यास्त पाचच्या सुमारास. दुपारी जेवून झोपलात आणि साडेचारला चहा घेऊन लक्ष्मणपूरकडे निघालात तर सूर्यास्त रिक्षातच होईल. म्हणून त्या तीन दिवसांपुरती दिनचर्याच बदला: पहाटे पाचला उठणे, साडेअकराला जेवण, साडेतीनला किनाऱ्यावर, आणि रात्री आठला झोप. ज्येष्ठांना आणि मुलांना हे वेळापत्रक मधल्या पिढीपेक्षा लवकर जमते असा माझा अनुभव आहे. पूर्वेकडच्या सीतापूर किनाऱ्यावर सूर्योदय पाहा, परंतु तिथे लाटांना जोर असतो, त्यामुळे मुलांना पाण्यात सोडू नका. पोहण्या-डुंबण्यासाठी धक्क्याजवळचे भरतपूर बरे, कारण तिथला उथळ भाग प्रवाळाच्या रांगेमुळे बराचसा शांत असतो. मात्र तिथेही पाणी चढलेले असताना जा, ओहोटीला खडक उघडे पडतात.

काचेच्या तळाची होडी भरतपूरलाच मिळते, आणि तुमच्या आई-वडिलांनी प्रवाळ पाहण्याचा तोच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना, सकाळी जा. ढगाळ दिवशी तळ धूसर दिसतो आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मोठ्यांपैकी कोणाला स्कूबा करायचे असेल तर दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा नुकतीच झालेली सर्दी लपवू नका, आणि बुडी व विमान यांच्यामध्ये किमान चोवीस तास जाऊ द्या. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि तो पडायच्या आत उंचावर गेल्यास जिवावर बेतू शकते. वरच्या वाटणीत हे अंतर आपोआप मिळते. सात वर्षांच्या मुलाला स्कूबासाठी नेऊ नका, कोणी ‘चालते’ म्हणाले तरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगरजवळ एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. धोक्याचा फलक असलेल्या ठिकाणी, खाडीच्या मुखाशी आणि तिवरांजवळ पाण्यात उतरायचे नाही, आणि संध्याकाळनंतर कुठेच नाही.

बोटींविषयी. खाजगी जलद बोटी बंद, वातानुकूलित असतात आणि त्यांची तिकिटे आधीच काढता येतात. सरकारी बोटी स्वस्त आणि संथ, त्यांना मोकळा डेक असतो, मात्र बेटवासीयांची गरज आधी भागवली जाते आणि ते योग्यच आहे. नाताळच्या आठवड्यात सरकारी तिकिटाच्या भरवशावर राहू नका, खाजगी तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. सरकारी आणि खाजगी बोटी पोर्ट ब्लेअरच्या वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात, तेव्हा रिक्षात बसण्याआधी तिकिटावरचा धक्का वाचा. बंद बोटीत ज्यांना मळमळते त्यांनी खालच्या मजल्यावर, मधल्या भागात बसावे, निघण्यापूर्वी हलके खावे, आणि गोळी घ्यायची तर ती निघाल्यावर नव्हे, आधी घ्यावी. आई-वडिलांना रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील तर ती गोळी चालते का हे पुण्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा.

औषधांचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. नीलवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, परंतु मोठे उपचार पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातच होतात, म्हणजे मध्ये समुद्र आहे. गेल्या काही महिन्यांत हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, डायलिसिस चालू असेल किंवा प्रकृती सतत खालीवर होत असेल तर बेटावरचा मुक्काम टाळा आणि पोर्ट ब्लेअरला राहून आसपास फिरा. प्रकृती स्थिर असेल तर घाबरण्याचे कारण नाही; औषधे दहा दिवसांची न्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि चिठ्ठ्यांच्या प्रती जवळ बाळगा.

रोख रकमेबाबतही तेच. ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची इंटरनेटची केबल पोर्ट ब्लेअर आणि आणखी सात बेटांपर्यंत पोहोचली, पण त्या सात बेटांत नील नव्हते. मोबाइलवरून पैसे देणे कधी चालते, कधी चालत नाही. तीन दिवसांच्या जेवणाचा, रिक्षाचा आणि होडीचा खर्च भागेल एवढी रोकड पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन या. भारतीय नागरिकांना नीलला जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, मुलांचेही, हाताशी असावे आणि तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळणारे असावे.

जेवणाची चिंता करू नका. भात, डाळ, ताजी भाजी आणि मासे असे साधे बंगाली वळणाचे जेवण बाजारातल्या लहान खानावळींत मिळते, शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. मात्र त्यातला बराचसा स्वयंपाक सांगितल्यावर सुरू होतो, म्हणून सकाळी जाताना दुपारचे सांगून ठेवावे. वाळूमाशीचा त्रास काहींना फार होतो. कोरड्या वाळूवर आडवे पडण्याऐवजी जाड चटई वापरा, पायांना खोबरेल तेल लावा, आणि चावल्यावर मुलांना खाजवू देऊ नका.

राहण्याची जागा निवडताना समुद्राच्या दृश्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, शौचालयात जाताना पायरी आहे का, आणि वीज गेल्यावर जनित्र किती वेळ चालते. शक्य असेल तर लक्ष्मणपूरच्या बाजूला, किनाऱ्यापर्यंत सपाट वाटेने चालत जाता येईल अशा ठिकाणी राहा. मुलांसाठी एक दिवस सायकली भाड्याने घ्या, रस्ते सपाट आणि वर्दळ कमी असते. आई-वडिलांसाठी एकच रिक्षावाला तिन्ही दिवसांसाठी ठरवा. तो ओहोटीची वेळही सांगतो आणि खुर्ची ठेवायला सावलीही शोधून देतो.

शेवटची सूचना तारखांची. मुलांच्या शाळेमुळे नाताळच्या सुट्टीखेरीज पर्याय नसेल तर वरचा बेत राखीव दिवसासह तसाच ठेवा. पण फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये चार दिवस शाळा बुडवणे जमत असेल तर मी तुम्हाला तेव्हाच पाठवीन: तेव्हा समुद्र सहसा अधिक शांत असतो, पाणी नितळ असते, आणि नाताळातली गर्दी ओसरल्यामुळे खोल्या व तिकिटे मिळवणे सोपे जाते. तारखा ठरवताना पंचांग उघडा आणि अमावास्या किंवा पौर्णिमा नीलवरच्या तीन दिवसांत येईल असे पाहा.